मांडी, खुर्ची आणि दहा किलो पीठ

लेकीचा फोन आला तेव्हा मी गाडी पुसत होतो. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, पुढे जे काही घडलं त्यात माझ्या या सवयीचा मोठा वाटा आहे, आणि आमच्या इमारतीतली माणसं याबाबत जे बोलतात त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. चपला काढून गाडीत बसा, असं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. झटकून बसा, एवढंच म्हणतो.

"बाबा, आम्ही दोघी रविवारी येतोय," लेक म्हणाली. "हा मागाहून येईल."

दोघी म्हणजे ती आणि टिल्ली. टिल्ली माझी नात. वय वर्षं दीड, शब्दसंपत्ती बेताची, पण त्यातला 'नाही' हा शब्द इतका स्पष्ट की मोठमोठ्या साहेबांना तसा म्हणता येत नाही. मी ताबडतोब म्हणालो, "मी येतो स्टेशनवर!"

"या ना. पण गाडीत टिल्लीसाठी चाइल्ड सीट असेल तरच. त्याशिवाय आम्ही तिला गाडीत नेत नाही. आणि नसेल तर काही बिघडत नाही, बाबा. सासऱ्यांनी घेतली आहे. ते येतील."

'काही बिघडत नाही' असं म्हटलं की हमखास बिघडतं. माझं तिथल्या तिथे बिघडलं.

आमचे व्याही याच शहरात राहतात. अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांच्याबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे. जन्मभर दातांची डॉक्टरी केल्यामुळे ते प्रत्येक वाक्य 'जरासं दुखेल हं' अशा मऊ आवाजात बोलतात, आणि खरोखरच जरासं दुखतं. शिवाय त्यांचं घर स्टेशनवरून येताना आमच्या घराच्या आधी लागतं. टिल्ली एकदा त्यांच्या गाडीत बसली की ती आधी त्यांच्याकडे उतरणार, तिथे रमणार, आणि आमच्याकडे येईपर्यंत तिला 'तिकडच्या' आजोबांची आठवण येऊ लागणार. स्टेशनवरून कोण आणतो याला महत्त्व आहे ते यासाठी.

तासाभरातच त्यांचा फोन आला. "कळलं मला. तुम्ही अजिबात घाई करू नका. नाही जमलं तर मी आहेच."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "पायात चप्पल घाल. खुर्ची आणायला जायचंय."

"कसली खुर्ची?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "गाडीत? पोरीला पट्ट्यांनी बांधून? अहो, मांडी काय झाली? दोन मुलं मी याच मांडीवर नेली-आणली. माझ्या मांडीला पट्टे नाहीत, पण तिथून आजवर कोणी पडलेलं नाही."

हा मुद्दा तिने दुकानातही मांडला. विक्रेत्याने मला वजन किती म्हणून विचारलं, तेव्हा मी गोंधळून माझं स्वतःचं सांगितलं. त्याने शांतपणे, बाळाचं, असं म्हटलं. दहा किलोच्या आसपास, मी म्हणालो. मग त्याने एक खुर्ची काढली. काय ती खुर्ची! डोक्याला उशी, कडेला भिंती, खांद्यावरून पट्टे, कमरेवरून पट्टे, मध्ये लाल बटण. मी चाळीस वर्षं ज्या खुर्चीवर बसून नोकरी केली तिला एक हात नव्हता. पुढची पिढी सुधारली आहे, असं म्हणतात ते उगाच नाही.

खोकं घेऊन लिफ्टपाशी आलो तर तिथे सर्वज्ञ उभे. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. खरं नाव पाटीवर आहे, पण इमारतीत सगळे त्यांना सर्वज्ञच म्हणतात, आणि त्यांनाही ते माहीत आहे, कारण त्यांना सगळंच माहीत असतं. त्यांनी खोक्यावरचं चित्र बघितलं आणि मान डोलावली.

"पुढे लावा," ते म्हणाले.

"पुढे?"

"चालवणाऱ्याच्या शेजारी. पोर नजरेसमोर राहतं. मागे ठेवलंत तर तुम्ही सारखे मागे बघणार, आणि गाडी पुढे जाणार."

हे मला एकदम पटलं. खरं सांगायचं तर पटायचं कारण वेगळं होतं. टिल्ली माझ्या शेजारी बसली आहे, मी तिला कुत्रा दाखवतोय, दिवे दाखवतोय, ती टाळ्या पिटतेय, असं चित्र मी फोन ठेवल्यापासून रंगवत होतो. सर्वज्ञांनी फक्त त्याला चौकट लावली.

संध्याकाळी मी खुर्ची पुढे लावली. ती रुबाबात बसलेली बघून मी लेकीला व्हिडिओ कॉल केला आणि फोन गाडीत फिरवला. कौतुकाची वाट बघत होतो, आला ओरडा.

"बाबा! पुढे नाही! समोर एअरबॅग आहे!"

"आहे ना," मी अभिमानाने म्हणालो. "म्हणून तर. काही झालंच तर तिला मऊ."

"मऊ नाही हो बाबा, ती धाडकन बाहेर येते. सरळ टिल्लीच्या तोंडावर आपटेल. लहान मुलं मागे. कायम मागच्या सीटवर. आणि खुर्चीचं तोंडही मागच्या काचेकडे. तुम्ही उलटी लावली आहे."

"म्हणजे ती माझ्याकडे पाठ करून बसणार?"

"हो. एवढ्या लहान मुलांची मान नाजूक असते. गाडी अचानक थांबली तर डोकं, मान, पाठ सगळं खुर्चीत टेकलेलं राहतं."

मला आयुष्यात पुष्कळ जणांनी पाठ दाखवली आहे. साहेबांनी दाखवली, भाडेकरूंनी दाखवली, एकदा तर माझ्या भाषणाच्या वेळी अख्ख्या रांगेने दाखवली. पण सख्ख्या नातीने दाखवावी आणि तीही पट्टे बांधून, ही कल्पना सहन करायला मला जेवणानंतरचा बराच वेळ लागला. बायको म्हणाली, "माझ्या मांडीवर असती तर तोंड तुमच्याकडेच असतं." मला ते पटत होतं हेच मला त्रासदायक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची मागे न्यायला घेतली आणि तिथे माशी शिंकली. खुर्ची गाडीच्या पट्ट्याने बांधायची असते. पट्टा होता. खांद्याच्या उंचीवरून तो मुकाट लोंबत होता. पण तो ज्यात अडकवायचा ते बक्कलच जागेवर नव्हतं. मी डावीकडे शोधलं, उजवीकडे शोधलं, सीटच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला. हात अडकला. बायकोने येऊन तो सोडवला आणि "नाचता येईना, अंगण वाकडं" असं म्हणून ती भाजी चिरायला निघून गेली.

त्याचं असं झालं होतं की, गाडी घेतली त्याच आठवड्यात मी सीटांना कव्हरं शिवून घेतली होती. नुसती नाही. कंपनीचं प्लास्टिक न काढता, त्याच्यावरून. मूळ सीट कशी दिसते हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं. पाहुणे विचारत, एवढी जपता ती कोणासाठी? मी म्हणे, असू दे. आता कळत होतं की मागची बक्कलं त्या कव्हरांच्या पोटात गेली होती आणि इतकी वर्षं तिथेच सुखाने नांदत होती.

कव्हर फाडायला हात होईना. म्हणून मी आधी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे काउंटरवर एक तरुण संगणकापुढे बसला होता.

"तक्रार काय, सर?"

"मागच्या पट्ट्यांची बक्कलं दिसत नाहीत."

"चोरीला गेली?"

"नाही, गाडीतच आहेत."

"मग हरवली?"

"हरवली कशी? कुठे आहेत मला माहीत आहे. सीटच्या आत."

त्याने पडद्याकडे बघितलं. "सर, इथे 'तुटलं', 'अडकलं' आणि 'आवाज येतो' एवढंच टाकता येतं."

"मग 'अडकलं' टाका."

"'अडकलं' टाकलं की नवीन बसवावं लागतं. नवीन मागवायला जुन्याचा फोटो लागतो."

"अहो, जुनं दिसत नाही म्हणूनच तर आलोय मी!"

त्याला माझी दया आली असावी. मी आपला तुमच्यासाठी काहीतरी करतो, असं म्हणून त्याने 'आवाज येतो' टाकलं. संध्याकाळी गाडी परत मिळाली. चारही दरवाज्यांना तेल दिलं होतं आणि गाडी धुतली होती. "आता आवाज येणार नाही," तो म्हणाला. तसा तो आधीही येत नव्हता. मी त्याचे आभार मानले आणि तसाच, बक्कलांशिवाय, घरी आलो.

घरी व्याह्यांनी फोटो पाठवलेला होता. त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, खुर्ची. तोंड मागच्या काचेकडे. खाली लिहिलं होतं, 'आमचं साधंच आहे. तुमचं कुठवर आलं? घाई नको. मी आहेच.' आणि पाठोपाठ, खुर्ची कशी बसवावी याचा एक लांबलचक व्हिडिओ. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण ज्याने केली त्याचा व्याहीसुद्धा दातांचा डॉक्टर असणार.

शेवटी ज्याने कव्हरं शिवली होती त्याच्याकडेच गेलो. तो मला बघून खूश झाला. आपलं काम इतकी वर्षं टिकलेलं बघून कोणालाही बरं वाटतं. त्याने कव्हरावरून प्रेमाने हात फिरवला.

"बघा साहेब, एक सुरकुती नाही."

"सुरकुती नाही, पण बक्कलही नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, एकही भोक दिसता कामा नये."

"बक्कलाला भोक नको, असं म्हणालो होतो का मी?"

"साहेब," तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मागे पट्टा लावतंय कोण?"

खरंच कोण लावत होतं? मागे बायको बसायची, मुलं बसायची, पुढे लेकीचं लग्न ठरल्यावर व्याही-विहीणही बसले होते. मी पुढे एकटा पट्टा लावून, आणि ही सगळी प्रेमाची माणसं मागे न सुरकुतलेल्या सीटवर मोकळी. तो म्हणाला, भोक पाडून भोवती छान गोट लावून देतो, रंगीत. मी म्हणालो, नको, सगळंच काढ.

त्याने कात्री चालवली. आधी कव्हर निघालं, मग प्लास्टिक निघालं, आणि खालून माझी सीट बाहेर आली. फिकट राखाडी होती. मला इतकी वर्षं ती काळी आहे असं वाटत होतं. फटीतून दोन बक्कलं वर आली, नवीकोरी, आणि त्यांच्याबरोबर लेकीची एक केसांची क्लिप आणि दगड झालेली एक लिमलेटची गोळी. क्लिप मी खिशात ठेवली. गोळी कव्हरवाल्याने कुतूहलाने वास घेऊन टाकून दिली.

मग मात्र काम झपाट्याने झालं. लेकीने व्हिडिओ कॉलवर हुकूम सोडले आणि मी पाळले. खुर्चीत गुडघा ठेवा. अंगाचं सगळं वजन टाका. आता पट्टा ओढा. अजून. बाबा, जोर लावा, जेवलात ना? मी ओढला. माझ्या पाठीतून आवाज आला, म्हणजे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेवटी पट्टा जिथून जातो तिथे धरून खुर्ची हलवून बघितली. बोटभरही हलली नाही. लेक म्हणाली, "शाब्बास बाबा." हे शब्द तिने मला पहिल्यांदाच म्हटले असतील. एरवी ते मी म्हणायचो.

"आता एकदा तेवढं वजन बसवून बघा," ती म्हणाली. "आणि पट्टे कसे लागतात ते शिका. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येता कामा नये, इतका घट्ट."

तेवढं वजन म्हणजे दहा किलो. घरात दहा किलोची एकच वस्तू होती. शनिवारी सकाळीच वाण्याकडून आलेली, न फोडलेली, कागदी पिशवीतली कणीक. मी ती खाली आणून खुर्चीत बसवली, खांद्यावर पट्टे घेतले, लाल बटण टक्क वाजवलं. कणीक झकास बसली. इतक्यात बायको खाली आली.

"उद्या हे असं बसवणार तिला?"

"असंच."

"आणि रडली तर?"

"रडेल थोडी."

"रडली की मी घेणार," बायको म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. लेक थकून आलेली असेल, रडतं पोर बघून कोणती आई नाही म्हणते? तुमची खुर्ची शोभेला राहू द्या."

आता इथे मी ठाम राहायला हवं होतं. पण मी 'बघू' म्हणालो. कारण बायको हल्ली पुढे बसते. टिल्ली तिच्या मांडीवर आली तर ती माझ्या शेजारी येणार होती, आणि कुत्रा, दिवे, टाळ्या हे चित्र पुन्हा रंगणार होतं. माझ्या त्या 'बघू'मधलं मन बायकोने बरोबर ओळखलं.

"द्या ती पिशवी इकडे," ती म्हणाली. "चला एक फेरी मारून येऊ. खुर्ची घट्ट का माझे हात घट्ट, तुम्हीच बघा."

ती पुढे बसली. पट्टा लावला, कारण तो मी लावायला लावतोच. कणकेची पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळली आणि वर हनुवटी टेकवली. अगदी टिल्लीला घेते तशी. पिशवीला थोपटलंसुद्धा, पण ते तिच्या लक्षात आलं नसावं.

आम्ही निघालो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. गाडीचा काटा चाळीसच्या आसपास होता. बाजारावरून वळसा घेऊन परत आमच्या गल्लीपाशी येईस्तोवर काहीच झालं नाही. "बघा," बायको म्हणाली, "हलली का तसूभर तरी?" आणि त्याच क्षणी दोन उभ्या गाड्यांच्या मधून सर्वज्ञ रस्त्यात आले. त्यांना आमची गाडी ओळखू आली होती. कव्हरं काढलेली त्यांनी गॅलरीतून बघितलेली असणार आणि त्याबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला, रस्त्याच्या मधोमध.

मी ब्रेक दाबला.

सर्वज्ञांना काही झालं नाही. गाडी त्यांच्यापासून चांगली हातभर अलीकडे थांबली. बायकोलाही काही झालं नाही, तिला पट्ट्याने धरलं होतं. मलाही पट्ट्याने धरलं होतं. पिशवीला मात्र फक्त बायकोने धरलं होतं. ती तिच्या हातांतून निघाली, समोरच्या फळीवर आपटली आणि फुटली. गाडीत पांढरं धुकं झालं. मला काच दिसेना, बायको दिसेना. मग हळूहळू सगळं खाली बसलं, आणि दिसलं.

बायकोचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळलो असतो. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती. हात अजून तसेच होते, गोल, कवटाळलेले, आणि मध्ये काही नव्हतं.

"मी घट्ट धरलं होतं हो," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"खूप घट्ट धरलं होतं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. खूप भीती वाटली मला त्या वेळी. घडून गेलेल्याची नव्हे, मघापर्यंत माझ्या मनात असलेल्या त्या सुंदर चित्राची.

सर्वज्ञांनी काचेवर टकटक केली. "कणीक का?" त्यांनी विचारलं. आणि पुढे तेच म्हणाले, "सोपं आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या."

माणूस हादरलेला असला की कोणाचंही ऐकतो. मी घरी जाऊन बादलीभर पाणी आणलं आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं. कणकेत पाणी घातलं की काय होतं, हे जगातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात सांगितलं असतं, पण मी सर्वज्ञांचं ऐकलं होतं. एसीच्या जाळ्यांत, गिअरच्या खाचेत, रेडिओच्या बटणांभोवती, सगळीकडे छान मळून तयार झालं. दुपारच्या उन्हात ते वाळलं. उरलेली दुपार मी दात कोरायच्या काड्या घेऊन जाळ्या साफ करत बसलो. त्या कामाला खरं तर व्याहीच योग्य होते, पण बोलावलं नाही. बायको शेजारी बसून दुसऱ्या बाजूची जाळी कोरत होती. ज्या गाडीत मी एक कण सांडू दिला नव्हता तिच्यात दहा किलो सांडले होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. याचं माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी स्टेशनवर आम्ही वेळेआधी पोहोचलो. व्याही आमच्याही आधी आले होते. त्यांनी आपली गाडी आमच्या शेजारी आणून लावली आणि दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी आल्या. "वा, जमलं तुम्हाला," ते मऊ आवाजात म्हणाले. "तरी म्हटलं, यावं. न जाणो, लागलो तर."

लेक टिल्लीला कडेवर घेऊन आली. टिल्लीने आम्हा दोन्ही आजोबांकडे बघितलं आणि दोघांनाही सारखंच "नाही" म्हटलं. इथवर बरोबरी होती. मग लेकीने टिल्लीला बायकोकडे दिलं, व्याह्यांच्या गाडीचं दार उघडलं आणि खुर्ची धरून हलवली. खुर्ची उठून तिच्या हातात आली. पट्टा नुसता वरून घेतला होता, आत ओढलेलाच नव्हता. फोटोत ते दिसत नाही.

व्याह्यांचा चेहरा असा पडला की मला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. थोडा झाला.

मग तिने आमची खुर्ची धरली. हलवली. पुन्हा हलवली. गाडी हलली, खुर्ची नाही. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि ती सामान आमच्या डिकीकडे न्यायला लागली.

मी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुडघा ठेवून ओढावं लागतं," मी म्हणालो. "उद्या येतो मी तुमच्याकडे, दोघं मिळून बसवू. आज काळजी करू नका. मी आहेच." जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो. जरासं दुखलं असावं.

टिल्ली खुर्चीत बसली, म्हणजे बसवली. बायको तिच्या शेजारी मागे बसली आणि तिने आपला पट्टा स्वतःहून लावला. लेक पुढे. व्याही मागून आपल्या गाडीने. टिल्लीने पहिल्या चौकापर्यंत परिस्थितीचा विचार केला आणि दुसऱ्या चौकात भोकाड पसरलं. मला ती दिसत नव्हती. आरशात नुसती खुर्चीची पाठ. कुत्रा नाही, दिवे नाहीत, टाळ्या नाहीत. फक्त आवाज, आणि तो भरपूर.

मी गडबडीने एसी लावला. जाळीतून पांढरं काहीतरी भुरभुरत लेकीच्या केसांवर पडलं.

"बाबा, हे काय?"

"जुनी गाडी आहे," मी म्हणालो.

टिल्ली रडतच होती. हात पुढे करून आज्जी, आज्जी म्हणत होती, आणि तो शब्द तिला येतो हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. लेक रात्रभराच्या प्रवासाने पार दमलेली होती. तिने दोनदा मागे वळून बघितलं, डोळे चोळले आणि शेवटी तिचाच धीर सुटला.

"आई, काढ तिला. घे पाच मिनिटं मांडीवर. आलंच आहे आता घर."

मी आरशात बघितलं. बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते. एक हात तिने टिल्लीपुढे केला आणि टिल्लीने तिचं बोट पकडलं.

"नाही," बायको म्हणाली.

"आई, तूच का ही? अगं, किती रडतेय ती. तू धर ना घट्ट."

"हात सुटतात," बायको म्हणाली.

लेकीला काही कळलं नाही. मी गाडी अजून हळू केली. मागून बायकोचा आवाज येत राहिला. टिल्लीला काहीबाही सांगणारा, आणि मधून मधून मलाही. "आता हुंदके देतेय. आता बोट चावतेय. आता जांभई दिली, अहो, केवढी जांभई! आता डोळे मिटले." मी सगळा रस्ता नातीला असं ऐकत ऐकत आणलं.

इमारतीपाशी गाडी उभी केली. लेक दार उघडायला लागली तर बायकोने तिला थांबवलं.

"थांबली का हो गाडी?"

"थांबली."

"इंजिन?"

मी किल्ली फिरवली. हँडब्रेक ओढला. मग तिने आपला पट्टा काढला, लाल बटण दाबलं, झोपलेल्या टिल्लीला अलगद उचललं आणि मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी कवटाळून, वर हनुवटी टेकवून. आणि ती तशीच बसून राहिली. डिकीतून सामान निघालं, व्याही येऊन उभे राहिले, वरून सर्वज्ञांनी गॅलरीतून काहीतरी विचारलं, तरी ती उठेना.

व्याही वाकून आत बघत मऊ आवाजात म्हणाले, "आत नाही का जायचं?"

"घाई करू नका," मी म्हणालो, आणि दार हळूच लोटून घेतलं.